तीन वर्षांची डिग्री तीनच वर्षांत: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

तालुक्याच्या गावातल्या एका अनुदानित कॉलेजात परीक्षा विभागाच्या खिडकीमागे माझी १९ वर्षं गेली. एवढ्या वर्षांत पॅटर्न, म्हणजे अभ्यासक्रमाचे आराखडे, बदलले, फॉर्म कागदावरून मोबाइलवर गेले, खिडकीवरचे प्रश्न मात्र तेच राहिले. त्यांतले नेहमीचे इथे घेतले आहेत. ते बीए, बीकॉम, बीएस्सी करणाऱ्यांचे आहेत, आणि थोडे त्यांच्या घरच्यांचेही. महाराष्ट्रातल्या सार्वजनिक विद्यापीठांना २०१६ चा कायदा एकच असला तरी परीक्षेचे नियम प्रत्येक विद्यापीठाचे आपापले असतात. म्हणून इथे वाचलेलं आपल्या विद्यापीठाच्या परिपत्रकाशी एकदा ताडून घ्या.

पोरं मागे पडतात ती अभ्यास करत नाहीत म्हणूनच ना?

सगळेच तसं म्हणतात. अगोदर मीही म्हणायचो. पण दरवर्षी जूनमध्ये तिसऱ्या वर्षाच्या प्रवेशाला अडकलेल्यांची यादी काढायला लागलो आणि चित्र वेगळं दिसलं. त्या यादीतली बरीच मुलं दुसऱ्या वर्षाला बऱ्यापैकी गुणांनी पास झालेली असायची. अडकलेला असायचा तो पहिल्या वर्षाचा एखादा विषय. कुणी तो परत दिलेलाच नसायचा, कुणी दिला पण फॉर्म उशिरा भरला म्हणून नाव लागलं नाही, तर कुणाला आपला विषय राहिला आहे हेच माहीत नसायचं.

दोन वेळा पेपर देऊनही सुटत नाही अशी मुलं असतात, नाही असं नाही. त्यांना शिकवणीच लागते. पण खिडकीवर रडवेल्या तोंडाने उभी राहणारी बहुतेक मुलं तारीख चुकलेली असायची.

केटी लागली. वर्ष गेलं का?

नाही. एटीकेटीचा, म्हणजेच केटीचा, अर्थच असा की विषय राहिले असले तरी पुढच्या सत्रात बसू दिलं जातं. पहिल्या सत्रातून दुसऱ्या सत्रात जाताना बहुतेक ठिकाणी कुणी अडवत नाही. पहिल्या वर्षातून दुसऱ्यात जाताना ठरावीक विषय किंवा ठरावीक क्रेडिट (विषयाच्या तासांवर ठरणारे अंक) सुटलेले लागतात. कुठे निम्मे, कुठे त्याहून वेगळा हिशोब.

खरी मेख तिसऱ्या वर्षाच्या दारात आहे. पहिल्या वर्षाचे सगळे विषय सुटल्याशिवाय तिसऱ्या वर्षात प्रवेश नाही, असा नियम वर्षानुवर्षं बहुतेक विद्यापीठांत चालत आला आहे. दुसऱ्या वर्षाचे विषय काही प्रमाणात राहिले तर चालतं, पहिल्याचा एकही राहून चालत नाही. असं अडकण्याला पुण्याकडे वायडी (इयर डाउन) म्हणतात, मुंबईकडे ड्रॉप म्हणतात. वायडी लागलेली मुलं दर दोन-तीन वर्षांनी ‘कॅरी ऑन’, म्हणजे विषय राहिले तरी पुढच्या वर्षात बसायची सवलत, मागत विद्यापीठाच्या दारात बसतात. कधी मिळतो, कधी मिळत नाही. मिळेल या भरवशावर अभ्यास सोडणारा मुलगा मी दरवर्षी पाहिला.

पण दोन वर्षांत तर चार परीक्षा होतात. विषय सुटायला एवढा वेळ पुरत नाही?

बोटांवर मोजून बघा. समजा दुसऱ्या सत्रातला, म्हणजे उन्हाळी परीक्षेतला एक विषय गेला. निकाल लागेपर्यंत जून-जुलै उजाडतो. तुमच्या विद्यापीठात सम सत्रांच्या राहिलेल्या विषयांची परीक्षा हिवाळ्यातही होत असेल तर पहिली संधी नोव्हेंबरात मिळेल. होत नसेल तर थेट पुढच्या उन्हाळ्यात, म्हणजे दुसऱ्या वर्षाच्या शेवटी. त्या वेळी चौथ्या सत्राचे पेपरही डोक्यावर असतात. आणि त्या एका संधीला ताप आला, मामाकडे लग्न निघालं, किंवा तोच पेपर अवघड निघाला, की तिसरं वर्ष एक वर्ष पुढे ढकललं गेलं.

चार परीक्षा असल्या तरी हातात असते कधी दोन संधी, कधी एक. दुसऱ्या सत्राचा विषय पहिल्या सत्राच्या विषयापेक्षा धोक्याचा का, ते यात कळतं. म्हणून मी मुलांना सांगायचो: केटीचा फॉर्म मिळेल त्या पहिल्या परीक्षेला भरा. तयारी झाली नाही असं वाटत असलं तरी भरा. चाळीस पानं वाचून पेपरला बसलेला मुलगा सुटू शकतो, न बसलेला सुटत नाही.

कोणते विषय हमखास अडवतात?

बीकॉमला अकाउंटन्सी आणि संख्याशास्त्र-गणिताचा पेपर. बीएस्सीला गणित आणि भौतिकशास्त्र. बीएला इंग्रजी, तेही वाङ्मय नव्हे, सगळ्यांना असतं ते साधं इंग्रजी.

इंग्रजीचं थोडं सविस्तर सांगतो, कारण खेड्यातल्या मुलांची जास्तीत जास्त वर्षं या विषयाने खाल्ली आहेत. मुलं गाइडमधली उत्तरं पाठ करतात, प्रश्न थोडा फिरवून आला की हात गळतात. पासापुरते गुण मात्र बहुधा ठरावीक प्रश्नांत असतात: पत्र, अर्ज, संवाद, उताऱ्यावरचे प्रश्न, व्याकरणाचे तुकडे. मागच्या पाच परीक्षांच्या प्रश्नपत्रिका ग्रंथालयातून मिळवा, त्या पाचांत कोणता प्रश्न कितीदा आला त्याच्या उभ्या रेघा मारा, आणि रोज एक उत्तर वेळ लावून लिहून काढा. वाचून नव्हे, लिहून. आमच्या इथे एका निवृत्त शिक्षकांनी महिनाभर संध्याकाळी एवढंच करून घेतलं, तर वर्गात बसलेल्यांतली बहुतेक मुलं त्या खेपेला सुटली.

दुसरा प्रकार आहे छोट्या विषयांचा. ‘दोन क्रेडिटचाच तर आहे’ म्हणून ज्याकडे कुणी बघत नाही तो. पर्यावरण, शारीरिक शिक्षण, पुण्याच्या जुन्या पॅटर्नमधला ‘लोकशाही, निवडणूक आणि सुशासन’. सहा सत्रं पास होऊन निकालपत्रावर डिग्री नाही, कारण पर्यावरणाचा प्रकल्प जमा केला नाही किंवा त्याचे गुण विद्यापीठात पोहोचले नाहीत! अशी मुलं नोकरीच्या मुलाखतीचं पत्र घेऊन खिडकीवर यायची. त्यांचे गुण शोधायला जुन्या रजिस्टरांची धूळ झाडत बसायचो.

नव्या धोरणात डिग्री चार वर्षांची झाली, खरं का?

अर्धं खरं. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण राज्यातल्या विद्यापीठ विभागांत आणि स्वायत्त महाविद्यालयांत २०२३-२४ पासून आलं, बाकीच्या संलग्न महाविद्यालयांत २०२४-२५ पासून. त्यात चार वर्षांची ऑनर्स पदवी आहे, पण तीन वर्षं पूर्ण करून पदवी घेऊन बाहेर पडायची मुभाही आहे. ती पदवी पूर्वीसारखीच पूर्ण पदवी आहे. पुढे एमए, एमकॉम दोन वर्षांचं होईल. चार वर्षं केलेल्याला एका वर्षाचं. चौथं वर्ष घ्यायचं की नाही हे तिसऱ्या वर्षी ठरवा, आत्तापासून त्याचा घोर नको.

क्रेडिटचा हिशोब कसा ठेवायचा?

दर सत्राला २० ते २२ क्रेडिट. वर्षाला ४० ते ४४, तीन वर्षांत १२० ते १३२. वर्गातल्या शिकवण्याचं एक क्रेडिट म्हणजे १५ तास, प्रात्यक्षिकाचं ३० तास. नुसत्या बेरजेवर डिग्री मिळत नाही. मुख्य विषय, गौण विषय, खुला वैकल्पिक, कौशल्याचे विषय, भाषा, मूल्यशिक्षण, भारतीय ज्ञान प्रणाली, समाजकार्य, क्षेत्र प्रकल्प, कार्यप्रशिक्षण असे कप्पे आहेत आणि प्रत्येक कप्पा भरलेला लागतो. एका कप्प्यात जास्तीचे आणि दुसऱ्यात कमी, असं चालत नाही.

एका पाठकोऱ्या कागदावर हे कप्पे आखा, दर निकालानंतर त्यात आकडे भरा. कार्यप्रशिक्षण साधारण शेवटच्या वर्षात येतं आणि चार क्रेडिटचं असतं, म्हणजे १२० तास. तालुक्याच्या गावात एकदम दीडशे मुलांना प्रशिक्षण द्यायला कोण बसलंय? पतसंस्था, दूध संघ, कृषी सेवा केंद्र, सीए साहेबांचं ऑफिस, जे मिळेल ते आदल्या दिवाळीतच विचारून ठेवा.

आपलं एबीसी खातं, म्हणजे क्रेडिटची बँक, डिजिलॉकरमधून उघडतं. त्याचा १२ अंकी क्रमांक कॉलेजला दिला आहे ना आणि त्यावरचं नाव बारावीच्या गुणपत्रिकेवरच्या नावाशी अक्षरन् अक्षर जुळतं ना, हे पहिल्याच महिन्यात बघा. आधारवर ‘ज्ञानेश्वर’ एका स्पेलिंगने, गुणपत्रिकेवर दुसऱ्या स्पेलिंगने, इतक्या फरकानेही क्रेडिट लटकतात.

काही कारणाने मध्येच सोडावं लागलं तर सगळं पाण्यात?

नव्या पॅटर्नला नाही. पहिलं वर्ष पूर्ण करून आणि वर चार क्रेडिटचा कौशल्य अभ्यासक्रम किंवा इंटर्नशिप करून प्रमाणपत्र मिळतं, तसंच दोन वर्षांनी पदविका. तीन वर्षांच्या आत परत येता येतं आणि सगळी पदवी जास्तीत जास्त सात वर्षांत पूर्ण करायची असते.

कागदावर हे फार छान आहे. माझा अनुभव मात्र असा की सुटलेला मुलगा सहसा परतत नाही. सोडण्यापेक्षा, वर्गात यायला जमलं नाही तरी नाव चालू ठेवा, सरांशी बोलून हजेरीचा मार्ग काढा, पेपर द्या.

माझा जुना पॅटर्न आहे. किती वर्षं चालेल?

विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१५ मध्ये सांगितलेला ठोकताळा असा: अभ्यासक्रमाची वर्षं अधिक दोन. तीन वर्षांच्या पदवीला पाच. अगदीच अपवाद म्हणून आणखी एक. पुढे विद्यापीठं कधीमधी जुन्या विद्यार्थ्यांसाठी विशेष संधी काढतात, तेव्हा पेपरात छोटीशी बातमी येते आणि कॉलेजच्या फलकावर कागद लागतो. पंधरा दिवसांनी तो कागद वाऱ्याने उडून जातो.

मुदतीपेक्षाही पॅटर्न बदलला की जास्त त्रास होतो. पुण्याला २०१९ चा पॅटर्न गेला, २०२४ चा आला; तुमचा राहिलेला विषय नव्या पॅटर्नमध्ये त्याच नावाने नसतो. मग समकक्ष विषयांची यादी शोधा, शिकवणारं कुणी नाही, पुस्तक बाजारात नाही. एका वर्षाचा उशीर असा तीन वर्षांचा होतो.

परीक्षेचा फॉर्म भरायचा राहिला. आता?

आजच जा. विलंब शुल्क, मग अतिविलंब शुल्क, असे टप्पे असतात आणि प्रत्येक टप्प्याला पैसे वाढतात, पण दार लगेच बंद होत नाही. अतिविलंबाची तारीखही गेली असेल तर प्राचार्यांचं पत्र घेऊन विद्यापीठाच्या परीक्षा विभागात माणूस पाठवावा लागतो. हॉल तिकीट निघायच्या आत हे झालं तर जमतं.

फॉर्म भरला म्हणजे झालं असंही नाही. मोबाइलवर पैसे कापले गेले आणि पावती निघाली नाही, असं हमखास होतं. पावती निघाली नसेल तर फॉर्म भरलाच नाही असं समजा. शिवाय केटीचे विषय फॉर्मवर वेगळे निवडावे लागतात. चालू सत्राचे विषय आपोआप येतात, म्हणून मुलं बाकीचं न बघता पुढे जातात. त्यात एक आख्खी संधी जाते.

इंटर्नलला काय एवढं?

अनेक विद्यापीठांत लेखी आणि अंतर्गत दोन्हींत वेगवेगळं पास व्हावं लागतं. लेखीला ५५ मिळाले आणि इंटर्नलला गैरहजर, तर विषय गेला. चाचणीच्या दिवशी आजारी असाल तर आठवड्याच्या आत लेखी अर्ज द्या आणि अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर सही-शिक्का घ्या. तोंडी ‘सर म्हणाले बघू’ याला निकालाच्या दिवशी काही किंमत नसते.

पेपर दिला, पण निकालात गैरहजर दाखवलंय.

घाबरू नका, हे सुटतं. बैठक क्रमांक चुकीचा लिहिला, बारकोड दुसऱ्याच ठिकाणी चिकटला, केंद्राचा गठ्ठा चुकला, अशी कारणं असतात. हॉल तिकिटावर पर्यवेक्षकाची सही असते, केंद्राच्या हजेरीपत्रकावर तुमची सही असते. त्या दोन्हींच्या प्रती जोडून कॉलेजमार्फत अर्ज करा. हॉल तिकीट निकाल लागेपर्यंत जपा, हे मी सांगून सांगून थकलो; पोरं शेवटचा पेपर झाला की त्याची होडी करतात.

पुनर्मूल्यांकन करू की परत पेपर देऊ?

दोन्ही. निकालानंतर थोड्याच दिवसांत उत्तरपत्रिकेची छायांकित प्रत मागा आणि ती विषयाच्या सरांना दाखवा. एखादं उत्तर न तपासलेलं, बेरीज चुकलेली, पुरवणी मोजलेलीच नाही, असं दिसलं तर पुनर्मूल्यांकनाचा अर्ज करा. नुसत्या आशेवर पैसे घालू नका. पण अर्ज केला म्हणून पुढच्या परीक्षेचा फॉर्म सोडायचा नाही. पुनर्मूल्यांकनाचे निकाल कधीकधी पुढची परीक्षा सुरू झाल्यावर लागतात. सुटलात तर फॉर्मचे पैसे वाया जातील, एवढंच.

आपली उत्तरपत्रिका माहितीच्या अधिकारातही बघता येते, हे २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मान्य केलं आहे. अर्जाला १० रुपये शुल्क आणि उत्तराला ३० दिवसांची मुदत.

आम्ही वेळेत पास होऊ, पण विद्यापीठच निकाल वेळेत लावत नाही. त्याचं काय?

रास्त प्रश्न आहे. कायद्याप्रमाणे परीक्षा संपल्यापासून ३० दिवसांत, फार तर ४५ दिवसांत निकाल लागला पाहिजे. २०१७ ला मुंबई विद्यापीठाने सगळ्या उत्तरपत्रिका संगणकाच्या पडद्यावर तपासायला एकदम घेतल्या. कुलपतींनी दिलेली ३१ जुलैची मुदत उलटून गेली, निकाल सप्टेंबरपर्यंत रेंगाळले आणि ऑक्टोबरमध्ये कुलगुरूंना पदावरून दूर केलं गेलं. तोवर परदेशी आणि परराज्यात प्रवेश घेणाऱ्या मुलांच्या जागा गेल्या होत्या.

असा उशीर झाला तर तात्पुरता प्रवेश मागा. निकाल लागला नाही हा तुमचा दोष नव्हे, आणि निकालाच्या अधीन राहून पुढच्या वर्गात बसू देण्याची पद्धत आहे. अर्ज एकट्याने देण्यापेक्षा वर्गातल्या २०-२५ जणांनी मिळून प्राचार्यांना द्या. एकट्याचा अर्ज फायलीत पडून राहतो.

आईवडील ऊसतोडीला जातात. दिवाळीनंतर मीही जातो. पेपर कसे द्यायचे?

बीड, अहिल्यानगर, जालना या भागांतल्या मुलांचा हा प्रश्न आहे आणि कोणत्याही परिपत्रकात त्याचं उत्तर नाही. कारखाने ऑक्टोबर-नोव्हेंबरात पेटतात, हिवाळी परीक्षाही तेव्हाच. पट्टा सुटायला, म्हणजे हंगाम संपायला, मार्च-एप्रिल होतो. म्हणजे सम सत्राचे तास बुडतात आणि विषम सत्राचे पेपर.

जमलं ते असं: जूनमध्येच वर्गशिक्षकांना सांगून ठेवायचं, इंटर्नल सप्टेंबरात उरकून घ्यायचे, परीक्षेचं वेळापत्रक आलं की पेपरांपुरतं कारखान्यावरून यायचं आणि त्या दिवसांत गावात नातेवाइकाकडे किंवा वसतिगृहात राहायचं. मुकादमाकडे उचल घेतानाच पोराच्या परीक्षेचे दिवस बोलून ठेवणारे बाप मी पाहिले आहेत. कोयत्याची, म्हणजे ऊस तोडणाऱ्या दोघांची, जोडी मोडली की खाडा (गैरहजेरीचा दंड) पडतो, म्हणून हे आधी ठरलेलं बरं. मुलीला मागे ठेवायची घरच्यांना भीती वाटते. शासकीय वसतिगृहाचा अर्ज त्यासाठीच बारावीच्या निकालानंतर लगेच करावा. अनुसूचित जाती आणि नवबौद्ध मुलांना वसतिगृह मिळालं नाही तर राहण्या-जेवणाचे पैसे देणारी स्वाधार योजना आहे.

मुलीचं लग्न दुसऱ्या वर्षात झालं. सासर लांब आहे. शिक्षण बंद करायचं का?

बंद करू नका. दोन मार्ग आहेत. वर्ष संपल्यावर सासरजवळच्या कॉलेजात बदली घ्यायची. विद्यापीठ तेच असेल तर सोपं, वेगळं असेल तर टीसी, मायग्रेशन आणि पात्रता प्रमाणपत्र लागतं आणि विषय जुळवून घ्यावे लागतात. सत्राच्या मध्ये बदली मागू नका, अडकाल. दुसरा मार्ग, नाव इथेच ठेवून परीक्षेला माहेरी येणं. पुष्कळ सुना असंच करून पदवीधर झाल्या.

बाळंतपणाचं म्हणाल तर विद्यार्थिनींना प्रसूती रजा, हजेरीत सूट आणि परीक्षा फॉर्मच्या तारखेत सवलत देणारे नियम करा, असं अनुदान आयोगाने डिसेंबर २०२१ मध्ये सगळ्या विद्यापीठांना कळवलं आहे. बऱ्याच ऑफिसांत हे पत्र कुणी वाचलेलं नसतं. तारखेसह सांगा.

मी दिवसा काम करतो.

‘कमवा आणि शिका’ कर्मवीर भाऊराव पाटलांच्या मातीतली गोष्ट. साताऱ्याच्या छत्रपती शिवाजी कॉलेजात १९४७ पासून मुलं राबून शिकत आली, आता बऱ्याच विद्यापीठांत ही योजना आहे. पैसे थोडे मिळतात, पण काम कॉलेजच्या आवारातच असल्याने तास आणि पेपर बुडत नाहीत. बाहेरच्या नोकरीत नेमकं तेच बुडतं.

रोज जाणं अशक्यच असेल तर नाशिकचं यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ १९८९ पासून आहे. तिथली पदवी स्पर्धा परीक्षांना चालते. नियमित कॉलेजात नाव टाकून तीन वर्षं गैरहजर राहण्यापेक्षा ते बरं.

आणि पोलीस भरती. पहाटे मैदान, दुपारी झोप, कॉलेज नाहीच. भरतीला बारावी पुरते हे खरं आहे, पण तलाठ्याच्या जागेला पदवी लागते. भरतीत नाही झालं तर २४ व्या वर्षी हातात बारावीच.

शिष्यवृत्ती आली नाही, फी थकली, म्हणून हॉल तिकीट देत नाहीत.

महाडीबीटीवरच्या (राज्याच्या शिष्यवृत्तीच्या संकेतस्थळावरच्या) अर्जाची प्रत, त्याचा क्रमांक आणि सद्यस्थितीचं पान छापून प्राचार्यांना लेखी अर्जासोबत द्या. अर्ज कुठल्या टेबलवर अडला आहे ते त्या पानावर दिसतं. कित्येकदा तो कॉलेजच्याच लिपिकाकडे मंजुरीविना पडलेला असतो. (आमच्याकडेही पडायचे, खोटं कशाला सांगू.) अर्जाचं नूतनीकरण दरवर्षी करावं लागतं, ते विसरू नका. उत्पन्नाचा दाखला एप्रिलनंतर लगेच काढा, जूनमध्ये सेतूत रांग लागते. वर्ष गेलं की नूतनीकरणही अडतं, म्हणजे एका केटीपायी फीसुद्धा अंगावर येते. मूळ कागदपत्रं अडवून ठेवायचा अधिकार मात्र कोणत्याही कॉलेजला नाही.

तक्रार करायची तर कुठे?

आधी कॉलेजची विद्यार्थी तक्रार निवारण समिती. २०२३ च्या नियमांप्रमाणे तिने १५ कामकाजाच्या दिवसांत अहवाल द्यायचा असतो. तो पटला नाही तर १५ दिवसांत विद्यापीठाच्या लोकपालांकडे अपील करा. त्यांना ३० दिवस आहेत. तक्रार थोडक्यात लिहा: काय झालं, कोणत्या तारखेला, काय हवं आहे. चार पानी कैफियत कुणी वाचत नाही.

ऑनलाइन कोर्स करून क्रेडिट भरता येतात का?

येतात. केंद्र सरकारच्या स्वयम मंचावरचे कोर्स सत्रातल्या ४० टक्के क्रेडिटपर्यंत धरता येतात, पण तुमच्या विद्यापीठाने तो कोर्स मान्य केलेला हवा आणि त्याची परीक्षा केंद्रावर जाऊन द्यायची असते. नाव नोंदवण्याआधी विभागप्रमुखांची लेखी परवानगी घ्या.

आम्ही शिक्षक आहोत. ६० मुलांमागे एक मार्गदर्शक. काय करू शकतो?

मार्गदर्शक-विद्यार्थी योजनेच्या नोंदवह्या मी भरपूर पाहिल्या. कॉलेजचा दर्जा ठरवणाऱ्या नॅकची समिती यायच्या आदल्या आठवड्यात एकाच शाईने भरलेल्या. त्यापेक्षा एकच काम करा. पहिल्या सत्राचा निकाल लागला की ज्यांचे दोन किंवा जास्त विषय गेले त्यांची यादी काढा. ६० मध्ये अशी १५-२० मुलं निघतील. त्यांना फोन करा. घरी नव्हे, त्यांनाच. पुढच्या फॉर्मची तारीख सांगा, फॉर्म भरल्याचा फोटो मागवा. मग एप्रिलमध्ये पुन्हा तीच यादी. दोन तासांचं काम आहे. दुसऱ्या वर्षात हे करून उपयोग निम्मा होतो, तिसऱ्यात करायला मुलगा वर्गात उरलेलाच नसतो.

शेवटच्या वर्षाला आहे. राज्यसेवेचा फॉर्म भरता येईल?

पूर्व परीक्षेला येईल. मुख्य परीक्षेचा अर्ज भरेपर्यंत पदवी हातात हवी. इथेच एखादा राहिलेला विषय महागात पडतो: पूर्व पास, मुख्यचा फॉर्म नाही.

सगळे विषय सुटले. आता डिग्री आपोआप घरी येते?

येत नाही. सहा सत्रांच्या गुणपत्रिका आल्यावर आधी एकत्रित निकालावर ‘राखीव’ असा शेरा नाही ना ते बघा. असेल तर पात्रता प्रमाणपत्र किंवा एखादा छोटा विषय बाकी असतो. मग उत्तीर्ण प्रमाणपत्र घ्या, नोकरीला ते तात्पुरतं चालतं. पदवी प्रमाणपत्रासाठी दीक्षान्त समारंभाचा वेगळा अर्ज निघतो, त्याला वेगळं शुल्क आणि वेगळी शेवटची तारीख. अर्जावर आईचं नाव आणि स्वतःचं नाव मराठीत लिहायची जागा असते, ती पोरं घाईत भरतात. प्रमाणपत्रावर तेच छापून येतं. मी निवृत्त झालो तेव्हा कपाटात न नेलेली १४० प्रमाणपत्रं होती. त्यांतलं तुमचं असेल तर खिडकी सकाळी साडेदहाला उघडते, येताना ओळखपत्र आणा.